जनरेटर स्टेजजवळ हवा

सभेत भाषण शेवटपर्यंत कोण ऐकतं? समोर बसलेले लोक ऐकत नाहीत, ते जेवणाची पाकिटं कुठं उतरलीत ते बघत असतात. स्टेजवरचे पुढारी तर अजिबात ऐकत नाहीत. आपलं नाव घेतलं की नाही, एवढ्यापुरते कान उघडे ठेवतात. पहिल्या शब्दापासून शेवटच्या ‘जय’पर्यंत एकटा माइकवाला ऐकतो, कारण त्याला उठून जाता येत नाही. हे पुण्य मी उभ्या आयुष्यात इतकं कमावलंय की स्वर्गात माझी जागा पक्की असावी. फक्त तिथं स्वागत समारंभ नसावा, एवढीच प्रार्थना.

औरंगपुऱ्यात आमचं साउंडचं दुकान. वडिलांच्या काळात झाडाला भोंगे बांधायचे, माझ्या काळात मोठमोठे बॉक्स आले. खुलताबादच्या उरुसातल्या कव्वाल्या, सिल्लोडची लग्नं, कन्नडचे जंगी सत्कार, सगळीकडं आमच्या वायरी पसरल्या. आमच्या शहराचं नाव बदला म्हणणाऱ्यांच्या सभेला माइक आमचाच आणि बदलू नका म्हणणाऱ्यांच्याही सभेला आमचाच. लोक विचारायचे, “दत्ताभाऊ, तुम्ही नेमके कुणाच्या बाजूचे?” मी म्हणायचो, “ज्याचा आवाज शेवटच्या खुर्चीपर्यंत जात नाय, त्याच्या.”

आमचा धंदा बाहेरच्या माणसाला सांगायचा तर फार सोपा आहे. स्टेजवर जेवढे माइक, तेवढ्या सरकत्या पट्ट्या माझ्या टेबलावरच्या मिक्सरला असतात. पट्टी वर केली की आवाज मोठा, खाली केली की लहान. प्रत्येक माइकचा आवाज दोन वाटांनी पाठवता येतो. एक वाट लोकांकडं तोंड केलेल्या मोठ्या बॉक्सकडं जाते. दुसरी जाते वक्त्याच्या पायाशी, त्याच्याकडंच तोंड करून ठेवलेल्या छोट्या स्पीकरकडं. त्याला मॉनिटर म्हणतात. तो नसला तर वक्त्याला स्वतःचाच आवाज नीट ऐकू येत नाही आणि तो उगाच बेंबीच्या देठापासून ओरडत बसतो.

तिसरी वाट मात्र फक्त माझी. ती माझ्या हेडफोनात येते. लोकांसाठी माइक उघडण्याआधी मी तो एकटा ऐकून बघतो. तार तुटली नाही ना, खरखर नाही ना. आणि इथंच गंमत आहे. माइक लोकांसाठी बंद असला तरी माझ्यासाठी चालूच असतो. शेजारी बसलेल्या दोन पुढाऱ्यांना वाटतं, आपण कुजबुजतोय. पण ती कुजबुज थेट माझ्या कानात असते. भिंतीला कान असतात म्हणतात. टेबलावरच्या माइकला तर कानाशिवाय दुसरं काही नसतंच.

काय काय ऐकलंय म्हणून सांगू! एक मोठे साहेब शोकसभेत शेजाऱ्याला विचारत होते, “वारले ते नेमके कोणते हो?” एकदा एका मंत्र्यानं हार घालून घेता घेता पीएला सांगितलं, “नंतर कुठं पिठलं मिळतं का बघ, पनीर खाऊन जीव आंबलाय.” त्या मंत्र्याबद्दल त्या दिवसापासून मला जी माया वाटते, ती त्यांच्या एकाही भाषणानं वाटली नव्हती. वडिलांनी मला धंद्यात घेताना एकच नियम घालून दिला होता: बॉक्समधून गेलं ते गावाचं, हेडफोनात आलं ते ज्याचं त्याचं. घरी बायकोलासुद्धा सांगायचं नाही. ती बिचारी अजून म्हणते, “एवढ्या सभा करून येता, पण तोंडातून एक बातमी निघेल तर शपथ.”

आता मुद्द्यावर येतो. सरकारनं लोकांचे खासगी मेसेज वाचावेत की नाही, यावर अलीकडं आमच्याकडं दोन तट पडलेत. चहाच्या टपरीवरही पडलेत आणि आमच्या घरातही पडलेत. माझा मुलगा म्हणतो, वाचू नयेत. सून म्हणते, वाचावेत, निदान खोट्या फॉरवर्डवाले सापडतील. मी या विषयावरच्या दोन्ही बाजूंच्या सभांना आवाज दिलाय, आणि थोडं मागचंही आठवतंय. पूर्वी राज्य दुसऱ्यांचं होतं. तेव्हा आज “वाचू द्या” म्हणणारे “फोन ऐकणं ही हुकूमशाही आहे” म्हणून गरजायचे आणि आज गळा काढणारे तेव्हा देशाच्या सुरक्षेवर बोलायचे. भाषणं तीच राहिली, तोंडं बदलली. आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं.

या विषयावर आमच्या भागात सगळ्यात जोरात बोलायचे ते नाना. नावं मी बदललीत, वडिलांचा नियम अजून पाळतो. कन्नडकडचे बागायतदार, शहरात घर, सरकारी पक्षाचे जुने कार्यकर्ते. पांढऱ्या मिशा, खणखणीत आवाज. त्यांचं बोलणं एका लयीत चालायचं, ठेक्यात पडत पडत पुढं जायचं. लोक त्यांना ‘मुलूखमैदान तोफ’ म्हणायचे. त्यांचा मुद्दाही पोकळ नव्हता. ते सांगायचे, “एक खोटा मेसेज येतो, अन् हातातला चहा निवायच्या आत गुलमंडीची शटरं खाली येतात. शहागंजात हातगाडीवाला माल टाकून पळतो. तो मेसेज कुणी धाडला हे सरकारनं बघू नाय तर काय मी बघू?” लोक टाळ्या वाजवायचे. मग ते जरा थांबायचे, छाती भरून घ्यायचे आणि कडाडायचे, “कर नाही त्याला डर कशाला!”

ही ओळ यायच्या आधी मी त्यांच्या माइकची पट्टी बोटभर खाली ओढायचो. नाहीतर बॉक्स फाटायचे. इतक्या वर्षांत माझं बोट आपोआप शिकलं होतं.

त्यांच्या विरोधात बोलायचे सदानंद वकील. दुसऱ्या पक्षाचे. तेही कन्नडचेच, वडील तहसिलात कारकून होते. बारीक अंगकाठी, आवाज मऊ, पण शब्द असे की ऐकणाऱ्याला रात्री झोपताना टोचावेत. ते म्हणायचे, “माझ्या घराला दार आहे, म्हणजे मी घरात चोऱ्या करतो असं होत नाही.” दोघं एकमेकांना स्टेजवरून सोलून काढायचे. एका सभेत वकिलांनी नानांना ‘सरकारी टपालपेटी’ म्हटलं, तेव्हा नानांच्या कार्यकर्त्यांनी माझ्या दोन खुर्च्या मोडल्या.

नानांचं आणि माझं एकाच गोष्टीवरून वाजायचं. त्यांना जनरेटर स्टेजजवळ लागायचा. कोणत्याही साउंडवाल्याला विचारा, जनरेटर जितका लांब तितकं बरं. त्याची धडधड माइकमध्ये शिरते, धूर स्टेजवर येतो. पण नाना ऐकायचे नाहीत. “दत्ता, जनरेटर मागं, पडद्याला लागून. नायतर मी बोलत नाय.” आमचे जनरेटरवाले बशीरभाई कपाळाला हात लावायचे. “नाना कू धुआँ पीने का शौक है क्या जी?” मला वाटायचं, मोठ्या माणसाची लहर. आम्ही वायर गुंडाळायचो आणि मनातल्या मनात नानांच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचो.

मग बिनआवाजाचे जनरेटर आले. डब्यात बंद, जवळ उभं राहिलं तरी बारीक गुणगुण. मी खूश. नाना मात्र कोमेजले. एक सभा तर त्यांनी “घसा बसलाय” म्हणून टाळली. त्यानंतर मात्र पुन्हा पूर्वीसारखे बोलायला लागले. आणि तेव्हाच मी त्यांना कॉलर माइक लावायला सुरुवात केली, कारण ते स्टेजभर फिरायचे.

कॉलर माइक शर्टाला लावला की तो तपासावा लागतो. कन्नड रस्त्यावरच्या एका गावात सभा होती. नाना पडद्यामागं गेले. मी हेडफोन कानाला लावला आणि ऐकतच राहिलो. नाना फोनवर आलेला एक बोलका मेसेज ऐकत होते. आधी आला नुसता ठेका, लाकडावर बोट आपटल्यासारखा. ठक्, ठक्, ठक्. मग आवाज आला. सदानंद वकिलांचा.

“नाना, घाई करू नकोस. श्वास घे. ‘मा’वर अडतोस, म्हणून ‘मा’ ठेक्यावर टाक. म्हण, माझ्या... मायबाप... बंधू-भगिनींनो. हं. आता आमच्या पक्षाला शिव्या द्यायच्यात ना? दे की. पण सावकाश दे.”

आणि पडद्यामागं तो तोफेसारखा माणूस शाळेतल्या पोरासारखं म्हणत होता, “मा... मा... माझ्या... मायबाप...”

माझ्या डोळ्यांत टचकन पाणी आलं, हे कबूल करायला लाज वाटत नाही. काही क्षणांनी नाना स्टेजवर आले आणि त्याच ठेक्यात, त्याच वाक्यानं सुरुवात करून सदानंद वकिलांच्या पक्षाची सालटी काढली. त्यानंतर प्रत्येक सभेआधी मला तो मेसेज ऐकू यायचा. मी तेवढ्यापुरता हेडफोन खाली ठेवायचो. अर्थात ठेवायच्या आधी थोडं ऐकलेलं असायचंच.

अडचण झाली ती नव्या मिक्सरनं. त्याला कार्ड लावलं की तो प्रत्येक माइकचं वेगळं रेकॉर्डिंग करून ठेवतो. पक्षांना भाषणाचे तुकडे फोनवर फिरवायला ते लागतं. नानांच्या पक्षात हे काम प्रतीक बघायचा. शिकलेला, कामाला वाघ, पण माणसाकडं बघताना आधी त्याच्या फोनकडं बघणारा. एके दिवशी तो दुकानात आला. चहा घेतला, माझ्या गुडघ्याची चौकशी केली, नव्या बॉक्सची तारीफ केली. ताकाला जाऊन भांडं लपवण्याचा प्रकार मला कळतो.

“बोला की,” मी म्हणालो.

“काका, गेल्या सभेचा नानांचा कॉलर माइक. भाषणाआधीचा भाग. तो वेगळा द्याल का?”

“कशाला?”

“नाना पडद्यामागं रोज कुणाचं तरी ऐकतात. ऑफिसात चर्चा आहे की सदानंद वकिलांशी त्यांचं काहीतरी चाललंय. आतल्या गोष्टी बाहेर जातायत म्हणे. यंदा तिकिटाचं ठरायचंय, वरच्यांना खात्री हवी.”

“नाना आले तर त्यांना देईन. आवाज त्यांचा आहे.”

प्रतीक हसला. रागावलाही नाही. “काका, नानाच म्हणतात ना? कर नाही त्याला डर कशाला.”

मला पहिल्यांदा त्या ओळीची भीती वाटली.

दुसऱ्या दिवशी सकाळी शटर अर्धं उघडलं होतं, तेव्हाच नाना आले. एकटेच. प्रतीक काय मागून गेला ते त्यांच्या कानावर गेलं असावं. स्टुलावर बसले, पण बोलेनात. ओठ हलत होते, मानेची शीर ताठ झाली होती. मी पाणी दिलं. माझ्या दुकानात एक जुना टेबलफॅन आहे, त्याचं पातं जाळीला लागतं आणि तो खट् खट् करतो. काही सुचलं नाही म्हणून मी तो लावला. नानांनी पंख्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, आणि अंगठा मांडीवर त्या खट् खट् बरोबर पडायला लागला.

“तू... ऐकलंस, दत्ता?”

“ऐकलं, नाना. कॉलर लावला की ऐकावंच लागतं.”

“कवापासून?”

“बिनआवाजाचा जनरेटर आला तेव्हापासून.”

ते हसले आणि मग पंख्याच्या ठेक्यावर सगळं सांगितलं. शाळेत नानांच्या तोंडून शब्द फुटायचा नाही. मास्तर उभं करायचे, पोरं हसायची. सदा, म्हणजे हेच सदानंद वकील, त्यांच्या बाकावरचा. एकदा तो हुरडा खायला नानांच्या मळ्यावर गेला, तेव्हा विहिरीवर डिझेल इंजिन चालू होतं. सदाच्या ध्यानात आलं की इंजिन धडधडत असलं की नाना न अडखळता बोलतो. मग तो रोज शाळा सुटली की मळ्यावर जायचा आणि इंजिनाशेजारी उभं करून नानांकडून धडे म्हणून घ्यायचा. पुढं दोघं वेगळ्या पक्षांत गेले. जनरेटरनं इंजिनाची जागा घेतली. जनरेटर मुका झाला तेव्हा सदानं फोनवर टेबल वाजवून पाठवायला सुरुवात केली.

“लोक तोफ म्हंतेत मला,” नाना म्हणाले. “तोफंला बत्ती सदा देतोय, आन् ती बी त्याच्याच पक्षावर, हे कुणाला सांगू? त्याचे लोक त्याला फाडून खातील. माझे मला.”

“पण यात वाईट काय आहे, नाना?”

“वाईट काय बी नाय. पन माझं हाय.” त्यांचा अंगठा मांडीवर पडतच होता. “मी आजवर म्हनत आलो, लपवायचं त्यानं, ज्यानं काय केलंय. मी काय केलं, दत्ता? नुसतं अडखळलो.”

मी कार्ड काढून त्यांच्यासमोर ठेवलं. आवाज त्यांचा, हुकूम त्यांचा. ते म्हणाले, “पूस.” मी त्यांच्यासमोर पुसलं. प्रतीकला फोन करून सांगितलं, “नाना आले होते. त्यांचा आवाज होता, त्यांच्यासमोर पुसला. पुसणारा हात माझा. ऑफिसात हेच सांगा.” त्या पक्षाच्या सभा त्या हंगामापासून दुसऱ्या साउंडवाल्याकडं गेल्या. त्याचं दुःख आहे. त्याचे बॉक्स फाटके आहेत आणि नाना त्यात पत्र्यासारखे वाजतात.

पण नानांना मोठी शिक्षा झाली. ऑफिसातल्यांची नजर आहे म्हणून त्यांनी फोनातले जुने मेसेज पुसले आणि सदाला कळवलं की आता धाडू नको.

आणि नेमकं त्याच सुमारास एका वाचनालयाच्या व्याख्यानमालेत जाहीर वाद ठेवला गेला. विषय हाच: खासगी मेसेज सरकारनं वाचावेत का? बाजूनं नाना, विरोधात सदानंद वकील. व्याख्यानमालेचा साउंड मात्र पिढीजात आमचा. हॉल गच्च भरलेला. एसी हॉल, त्यामुळं पंख्याची घरघरही नाही. पहिल्या रांगेत प्रतीक फोन उगारून बसलेला. नाना इथं अडखळले तर सगळंच गेलं म्हणून समजा. तिकीटही, तोफही आणि इतक्या वर्षांत मिळवलेला तो सगळा मानही.

अध्यक्षांनी नाव पुकारलं. नाना उठले, उभे राहिले, लोकांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या थांबल्या.

“मा...”

पुढं काही नाही. मी त्यांच्या कॉलरवर हेडफोन घेतला. श्वास अडकल्याचा आवाज येत होता. “मा... मा...” मागच्या रांगेत कुणीतरी खोकलं. एकजण हसला. नानांचा अंगठा मांडीवर ठेका शोधत होता, पण हॉल मसणासारखा शांत होता.

तेवढ्यात माझं लक्ष सदानंद वकिलांकडं गेलं. ते लांब, स्टेजच्या दुसऱ्या टोकाला टेबलामागं बसले होते. नानांकडं बघत नव्हते. समोरच्या कागदांकडं बघत होते, आणि त्यांचं एक बोट टेबलावर पडत होतं. मी हेडफोन त्यांच्या माइकवर फिरवला. ठक्, ठक्, ठक्. तोच ठेका. पण टेबल लांब, माइक बंद. नानांपर्यंत तो पोचणं शक्य नव्हतं.

टेबलावर कुणी बोट वाजवलं तर माइकवाल्यानं तो माइक मारायचा, म्हणजे बंद करायचा असतो. हा आमच्या धंद्याचा पहिला धडा. मी वकिलांच्या माइकची मोठ्या बॉक्सची वाट तशीच बंद ठेवली. आणि मॉनिटरची, नानांच्या पायाशी ठेवलेल्या त्या एकट्या स्पीकरची, हळूच उघडली.

हॉलमध्ये काही गेलं नाही. प्रतीकच्या फोनात काही गेलं नाही. फक्त नानांची मान किंचित हलली. त्यांनी खाली स्पीकरकडं बघितलं. मग अंगठा पडायला लागला.

“माझ्या... मायबाप... बंधू-भगिनींनो!”

आणि तोफ सुटली. गुलमंडीची शटरं आली, शहागंजातला हातगाडीवाला आला, सरकारी बाजूचा एकही मुद्दा नानांनी सोडला नाही. सदानंद वकील मान खाली घालून, स्वतःच्या पक्षाला पडणाऱ्या शिव्यांना ठेका देत होते. टाळ्यांच्या जागा मला पाठ होत्या. शेवट जवळ आला. नाना थांबले. छाती भरून घेतली. माझ्या बोटानं सवयीनं पट्टी खाली ओढली.

ओळ आली नाही.

नानांनी माझ्या टेबलाकडं बघितलं, मग सदाकडं. म्हणाले, “पुढचं वकीलसाहेब सांगतील. त्यांचं नीट ऐका.” आणि बसले. लोकांना वाटलं, वेळ संपली असेल. खाली ओढलेल्या पट्टीवर माझं बोट तसंच राहिलं होतं.

मग सदानंद वकील उठले आणि त्यांनी नानांच्या भाषणाच्या चिंध्या केल्या. नानांनी सगळ्यांत जोरात टाळ्या वाजवल्या.

कार्यक्रम संपल्यावर गर्दीतून वाट काढत नाना माझ्या टेबलापाशी आले. कॉलर माइक काढून त्यांनी माझ्या हातात दिला. आभार वगैरे मानले नाहीत; आमच्याकडं तशी रीत नाही. इकडं तिकडं बघून हळूच म्हणाले,

“दत्ता, बशीरभाईचा तो जुना जनरेटर हाय का रे अजून? आवाज करनारा?”

“आहे. गोडाउनात पडलाय.”

“पुढच्या सभेला साउंड कुणाचा बी असू दे, जनरेटर तू त्योच आन. पडद्याला लागून ठिव.”

उभं आयुष्य ज्या गोष्टीवरून मी त्यांच्याशी भांडलो, तिला त्या दिवशी पहिल्यांदा मी मुकाट्यानं हो म्हणालो.